तीन कार्डं आणि मांयचं सुतक

परवा माझ्या लॅपटॉपने, मला न विचारता, स्वतःला अद्ययावत करून घेतलं. पुन्हा सुरू केला तर वायरलेस गायब. काल संध्याकाळपर्यंत जोडलेला होता, आज म्हणतो असं कार्डच माझ्या अंगात नाही. मी चष्मा पुसला, कपाटातून वही काढली, तारीख घातली आणि पहिल्या ओळीत लिहिलं : काय चालू होतं, काय बंद झालं, मध्ये काय बदललं. इतकी वर्षं झाली, पण अजून हेच तीन प्रश्न. संताप येतो. माणसं चंद्रावर जातात आणि एकाच डब्यात बसणारी दोन यंत्रं एकमेकांशी बोलत नाहीत.

बाहेर वैशाख आहे. मध्ये कितीतरी वर्षं बंद असलेले खनिजाचे ट्रक यंदा रस्त्यावर पुन्हा दिसू लागलेत, आणि जनेलाच्या काचेवर तीच तांबडी धूळ. सकाळी पुसली की दुपारी बोटाने नाव लिहिता येतं. कुठल्याशा कुळागरातून, बागायतीतून, काजूच्या बोंडांचा आंबूस वास येतो. या धुळीचा आणि या वासाचा माझ्या मनात एकच अर्थ आहे : मांयने जिवंत मुलाचं सुतक धरलं होतं, तो वैशाख.

मांय म्हणजे माझी सासू. त्या वर्षी ती सत्तरीच्या पुढे होती आणि तिचे कान जवळजवळ गेले होते. समोर बसून, तोंड उघडून, सावकाश बोललं तर काही शब्द पोचत. फोनवर शून्य. रिसीव्हर कानाला लावून ती आपल्या बाजूने सगळं बोलून घ्यायची, "जेवलो मू? बरो राव," आणि ठेवून द्यायची. पलीकडून धाकटा मुलगा, माझा दीर मोहन, आखातातल्या एका कारखान्यातून काय सांगतोय ते तिच्यापर्यंत कधी आलंच नाही.

चैत्रात त्या कारखान्यात सळ्या कापायच्या यंत्रात मोहनच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. फोन माझ्या नवऱ्याने, सतीशने, घेतला. ऐकता ऐकता तो खाली जमिनीवर बसला. मी तोंडावर हात धरला. मांय समोर भाजी चिरत होती. तिने विळी आडवी केली आणि आमच्याकडे बघत राहिली.

मोहनने मला निक्षून सांगितलं होतं, "वयनी, बोटांचं मांयक सांगू नका. ती जेवची ना." मी हो म्हटलं. मांयला सांगितलं, मोहनला थोडं लागलं, आता बरा आहे. ती म्हणाली, "तूं म्हाका फटयता."

मी फसवते, असं म्हणायचा तिला अधिकार होता. त्याच्या तीन वर्षं आधी दोडामार्गला तिचा भाऊ वारला, तेव्हा ती नुकती तापातून उठली होती. आमच्याकडे अशा वेळी म्हाताऱ्या माणसाला सांगत नाहीत. आधी अंगात ताकद येऊ दे, मग बघू. कुणी कुणी तिच्यासमोर तोंड उघडायचं नाही याची यादी मी केली होती. सतरा नावं. शाळेच्या कार्यालयात कारकुनी करणारी बाई मी, यादी कशी पाळायची ते मला कळतं. दहा दिवस निभावलं. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा भाचा काही सामान न्यायला दारात आला, डोकं भादरलेला. ज्याला ऐकू येत नाही त्याला बाकी सगळं दिसतं, ही गोष्ट माझ्या यादीत नव्हती.

म्हणून या वेळी तिने वाट पाहिली नाही. फोन आला त्याच्या पाचव्या दिवशी सकाळी तिने देवाची फुलं काढली नाहीत. संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावला नाही. मी दिवा हातात घेतला तर म्हणाली, "म्हाका सुतक आसा. तूंय लावूं नाका." मी समोर बसून, ओठ मोठे करून सांगितलं, मोहन बरा आहे. तिने माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "तारीख सांग. दिस मेजूंक जाय."

ती रडत नव्हती, भांडत नव्हती. सुतकाचे दिवस मोजायला तिला तारीख हवी होती, बस्स. आणि ती मिळत नव्हती म्हणून तिचं सुतक संपत नव्हतं.

त्यात सतीश धोंड, म्हणजे देवीचा व्रतकरी. शिरगावच्या लईराईच्या जत्रेचं व्रत तो लग्नाआधीपासून करत आलेला. घरात सुतक असलं तर धोंडाने व्रत धरायचं नाही. आमच्या घरात सुतक होतं की नव्हतं? शेजारच्या बायका हळद-कुंकवाचं निमित्त काढून यायच्या, मांयच्या कोऱ्या देव्हाऱ्याकडे बघायच्या आणि मला विचारायच्या, "खरें सांग गो, बाय. आमी कोणाक सांगचीं नात." मी सगळ्यांना एकच सांगायचे आणि एकही बाई विश्वास ठेवायची नाही.

मोहनने ईमेलने फोटो पाठवला, कमरेपासून वरचा. मी शाळेत छापून आणला. मांय म्हणाली, "आदलो." जुना. मग त्याने पत्र लिहिलं. ते तर घातच झालं. मोहनचं अक्षर मांयला पाठ. शाळेत असताना तिची पोथी त्यानेच उतरून दिली होती. आणि आता लिहिलं होतं तीन बोटांनी. अक्षरं पावसात वाकलेल्या भातासारखी. तिने पत्र उलटंसुलटं केलं, माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "कोणाकडल्यान बरोवन घेतलें?" कुणाकडून लिहवून घेतलंस, म्हणे. अक्षर का बिघडलं ते सांगायचं तर बोटांचं सांगायला हवं. नाही सांगायचं तर पत्र खोटं. मी पत्राची घडी घातली. त्या घडीचाही तिने अर्थ काढला.

राहिला उपाय एकच. तिला तो हलता, डोळे मिचकावता दिसला पाहिजे. व्हिडिओ कॉल.

आता कुणी म्हणेल, मग अडचण काय होती? तीच सांगते. ब्रॉडबँड गल्लीत एकाच घरात, रस्त्यापलीकडे मास्तरांकडे. मास्तर पेडण्याचे, मराठी शाळेतून निवृत्त झालेले. मांयला त्यांच्याकडे नेलं असतं, पण सुतकातलं माणूस दुसऱ्याच्या घरी जात नाही. डिचोलीच्या सायबर कॅफेतही नाही. ती उंबरा ओलांडेना.

म्हणून आधी वायर. मास्तरांच्या बाल्कांवातून, म्हणजे ओसरीतून, आमच्या जनेलापर्यंत, मध्ये दोन बांबू. पावसाळ्याआधी खनिज जेटीवर पोचवायचं म्हणून ट्रकांची नुसती रीघ. तिसऱ्या दिवशी शिगोशीग भरलेला एक ट्रक आमची वायर, एक बांबू आणि मास्तरांची फुलाची कुंडी घेऊन मोरीपर्यंत गेला. चालक सावंतवाडीकडचा, खाली उतरून डोकं खाजवत म्हणाला, "बाई, वायर होती काय ती? माका वाटला जत्रेची पताका."

तर मग वायरलेस. मास्तरांकडे राउटर बसवला. आमच्याकडे मोहननेच दोन वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याबरोबर पाठवलेला जुना लॅपटॉप होता, की-बोर्डवर अरबी अक्षरंही असलेला. त्याच्या काळात वायरलेस आत बसवून देत नसत. बाजूला एक खाच असे, तीत पत्त्याएवढं कार्ड सरकवायचं. म्हापशाहून कार्ड आणलं. सरकवलं. हिरवा दिवा लागला. मी वहीत ‘झालं’ लिहिलं. ही माझी पहिली चूक.

कार्डाबरोबरची सीडी म्हणाली, तुमचं विंडोज जुनं आहे, नवं असेल तरच मी चालेन. नवं विंडोज म्हणालं, तुमचा लॅपटॉप जुना आहे, एवढ्या मेमरीत मी मावणार नाही. म्हणजे कार्ड लॅपटॉपात बसतं, पण विंडोजला चालत नाही. ज्या विंडोजला चालतं ते लॅपटॉपात बसत नाही. मी तीन रकाने आखले आणि प्रत्येक रकान्यात फुली मारली.

डिचोलीच्या बाजारात आग्नेल टीव्ही दुरुस्त करायचा. पन्नाशीचा, जाड भिंगांचा चष्मा, संगणकाचं सगळं स्वतःच शिकलेला. त्याने लॅपटॉप उलटा करून पंख्यातली तांबडी माती फुंकली आणि म्हणाला, "बाय, हाका लिनक्स घालूंया. हळू मशीन, हलकी सिस्टम, जमतलें."

लिनक्स घातलं. लॅपटॉप खरंच पळायला लागला. आणि कार्ड मेलं. हिरवा दिवासुद्धा नाही.

"कितें जालें?"

"कार्ड बरें आसा, सिस्टम बरी आसा," आग्नेल म्हणाला. "पूण एकामेकाक वळखनात."

मला हसू आलं आणि राग आला. आमच्या घरात मांय कोकणीत बोलायची, पोथी मराठीत वाचायची, जनेल, पाव आणि बाल्कांव हे शब्द पोर्तुगिजांचे वापरायची, ट्रकवाल्यांशी मालवणीत भांडायची. राज्य व्हायच्या वेळी मराठी की कोकणी यावरून मास्तर एका बाजूच्या मोर्चात होते आणि आग्नेल दुसऱ्या. आता दोघं माझ्या टेबलावर एकाच लॅपटॉपवर वाकले होते, मास्तर मराठीत सूचना करत आणि आग्नेल कोकणीत त्या धुडकावत. दोघांचं एकमेकांना सगळं कळत होतं. फक्त ते पत्त्याएवढं कार्ड हट्टाला पेटलं होतं.

मास्तरांनी इंटरनेटवरून यादी छापून आणली : लिनक्सवर चालणारी कार्डं. यादी म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला. आणि आमच्या कार्डाचं नाव तीत होतं! पुढे स्पष्ट : चालतं. म्हणजे आमचा नग खराब. मी फोंड्याला गेले, त्याच नावाचं, त्याच खोक्यातलं दुसरं कार्ड आणलं. ऊन असं की बसच्या खिडकीच्या पट्टीला हात लावला तर भाजावा. घरी येऊन कार्ड सरकवलं. काही नाही. तोच अंधार.

मी त्या दिवशी ओरडले. कार्डावर, आग्नेलवर, आणि मास्तरांवरसुद्धा, ज्यांच्यावर गावात कुणी ओरडत नाही. ओरडता ओरडता पाहिलं तर मांय दारात उभी. तिला ऐकू काही आलं नव्हतं. माझा चेहरा दिसला होता. ती आत वळली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. माझ्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं असेल ते मला त्याच क्षणी कळलं.

मास्तरांनी कार्ड उलटं केलं, वाचायचं भिंग लावलं आणि लेबलाच्या अगदी टोकाला, मुंगीएवढ्या अक्षरात, वाचलं : आवृत्ती तिसरी. मग छापील यादी वाचली. तिथे कंसात : आवृत्ती पहिली. कंपनीने नाव तेच ठेवलं होतं, खोकं तेच, रंग तोच, आणि आतली चिप बदलून दुसऱ्याच कुणाची बसवली होती.

"आपल्या गावात एकाच नावाचे चार जण आहेत," मास्तर म्हणाले. "पोस्टमन पत्र कसं देतो?"

"बापाचं नाव आणि वाडा विचारून."

"मग तुम्ही कार्डाला काय विचारलंत?"

शाळेत दाखला करताना वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, वाडा, गाव, सगळे रकाने भरल्याशिवाय मी सही करत नाही. आणि इथे नुसतं नाव लिहून दोन शहरं फिरले होते.

पहिली आवृत्ती दुकानात मिळेना. सतीश तोवर व्रतासाठी घराबाहेर, इतर धोंडांबरोबर राहायला गेला होता. गावच्या जाणत्यांनी त्याला शुक्रवारपर्यंत मुदत दिली होती. घरातलं काय ते स्पष्ट करा, म्हणाले. मी सकाळची पहिली बस धरून हरमलला माहेरी गेले. माझा भाऊ तिथे पर्यटकांना खोल्या देतो. हंगाम संपलेला, शॅकच्या माडाच्या झापा उतरवणं चालू. त्याच्याकडे पत्र्याचा मोठा डबा आहे. परदेशी पाहुणे जे जे विसरून जातात ते तो त्यात टाकतो. चार्जर, चष्मे, एक बासरी, कसल्या कसल्या पिना.

"काय गो, आता कम्प्युटर दुरुस्तीचो धंदो काढलंस?" तो म्हणाला.

"डबा दे आणि गप बस."

"मांयची तब्येत कशी आसा?"

मी डबा जमिनीवर पालथा केला. तळाशी, बासरीच्या खाली, तेच कार्ड होतं. तेच नाव. मी आधी उलटं केलं. टोकाला वाचलं. पहिली.

शुक्रवारी सकाळी आग्नेलने ते खाचेत सरकवलं. काही टाइप केलं, थांबला, आणखी टाइप केलं. पडद्यावर मास्तरांच्या राउटरचं नाव आलं. मी ‘झालं’ लिहिलं नाही.

मोहनला सुट्टी शुक्रवारची. त्याला मी आधीच बजावलं होतं : उजवा हात टेबलाखाली ठेव. जे सांगायचं ते आधी मोठ्या अक्षरात कागदांवर लिहून घे आणि डाव्या हाताने दाखव. आमच्याकडे कॅमेरा नव्हता, नुसता माईक. त्याला आम्ही दिसणार नव्हतो, पण मांय बोललेलं ऐकू जाणार होतं.

तो दिसला. जरा चौकोन चौकोन, जरा थांबत थांबत, पण हसत. मांय पडद्यापासून वीतभर अंतरावर. त्याने पहिला कागद धरला : ‘मी बरा आहे.’ ती वाचली. दुसरा : ‘जेवतो.’ ती वाचली. मग मागे सरकली आणि म्हणाली, "हें फिल्म आसतलें. आदीं काडून दवरिल्लें."

आधीच काढून ठेवलेली फिल्म! मला वाटलं, संपलं सगळं.

तेवढ्यात तीच माईकपाशी वाकली आणि मोठ्याने विचारलं, "वतना तुज्या पिशवेंत हांवें कितें घाल्लें?"

जाताना पिशवीत काय घातलं होतं, या प्रश्नाचा कागद मोहनकडे तयार नव्हता. तो बाजूला बघत राहिला. पडद्यावर चित्र अडकलंय असं मला वाटलं. मग टेबलाखालून उजवा हात वर आला, अंगठा आणि दोन बोटं, पेन धरलेली, आणि तिच्या डोळ्यांसमोर लिहायला लागला. वाकडं, सावकाश. कागद उचलला : ‘सोलांची पुडी. वाटेत फुटली. सगळे शर्ट तांबडे.’

मांय त्या अक्षरांकडे बघत होती. मग हाताकडे. मग पुन्हा अक्षरांकडे. "पत्र ताणेंच बरयलां," ती स्वतःशीच म्हणाली. पदर तोंडावर धरला. सुतक नव्हतंच, सतीशचं व्रत वाचलं, हे मला मागाहून सुचलं.

पदर काढला तेव्हा ती मोहनकडे नाही, माझ्याकडे बघत होती. टेबलावरची माझी वही तिने माझ्यापुढे ढकलली.

"आनी कितें लिपयलां तुवें? बरय."

काय काय लपवलंस ते लिही. माझी वही, माझं पेन. मी लिहायला बसले. कान तपासले तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, हे आता सुधारणार नाही. गोठ्यातली पाडी हरवली नव्हती, ट्रकखाली आली. मोठ्या नणंदेचं आणि तिच्या नवऱ्याचं पटत नाही. सतीशने दोन वर्षं औषध चुकवलं. मोठ्या अक्षरात, एकाखाली एक. मांय बोट ठेवून वाचत गेली. पहिल्या ओळीवर म्हणाली, "खबर आसा." ठाऊक आहे. दुसरीवर, "खबर आसा." तिसरीवर मान हलवली, जणू हे काय सांगायची गोष्ट आहे. चौथीवर हसली.

पाचवी ओळ मी लिहायच्या आधी थांबले होते. मग लिहिली. गेल्या गणेश चवथीला मोहन कायमचा परत येतो म्हणत होता. मी त्याला म्हटलं, आणखी दोन वर्षं काढ.

तिचं बोट त्या ओळीवर आलं आणि तिथेच राहिलं. आग्नेल उठून बाहेर बाल्कांवात गेला.

लॅपटॉपमधून मोहनचा आवाज येत होता. "वयनी? आसात मू? आवाज येना."

मांयला तो ऐकू येत नव्हता. त्याचे ओठ हलताना तिला दिसत होते. तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"सांग ताका. परत यो म्हण. तुज्या तोंडान."

मी माईकजवळ गेले. "मोहन," मी म्हटलं, "परत ये."

पडद्यावर तो स्तब्ध. मग म्हणाला, "कितें म्हळें, वयनी? आयकूंक येना. परत सांग."

त्याला खरंच ऐकू आलं नव्हतं, की पुन्हा ऐकायचं होतं, की त्या क्षणी कार्डाने दगा दिला, हे मी कधी तपासलं नाही. मी परत सांगितलं.